महाराष्ट्रीयन म्हणजे नेमकं कुठलं?

दुबई, शारजा, अबुधाबी, जिथून ऐकत असाल तिथे जेवण मागवायचं अ‍ॅप उघडा. ‘नॉर्थ इंडियन’ सापडेल, ‘साउथ इंडियन’ सापडेल. भरली वांगी कुठल्या खणात शोधायची? मी सॉफ्टवेअर सल्लागार, दिवसभर असेच खण पाडतो. ज्याला खण नाही, ते कुणी शोधतही नाही. म्हणून आपण ‘महाराष्ट्रीयन फूड’ अशी पाटी लावतो. (हे शेवटचं ‘यन’ इंग्रजीचं बरं का, आपला शब्द ‘महाराष्ट्रीय’.)

मोठी नावं बरेचदा कारभाराच्या सोयीसाठी पडतात. आपण राहतो त्या देशाचंच बघा. इथल्या शेखांशी इंग्रजांनी समुद्रावरच्या तहाचे करार केले, म्हणून साऱ्या किनाऱ्याला ‘ट्रुशियल स्टेट्स’ म्हणू लागले, म्हणजे तहातली राज्यं. त्यांच्यावर देखरेख ठेवणारा बुशेरचा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता! १९६६ पर्यंत इथे रुपया चालला. २ डिसेंबर १९७१ ला सहा अमिराती एक झाल्या, रास अल खैमा फेब्रुवारी १९७२ मध्ये आली. तेव्हा कुठे स्वतः निवडलेलं नाव मिळालं.

आपलं नाव त्याच्या अकरा वर्षं आधीचं. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, नागपूर-वऱ्हाड मध्य प्रदेशात, पुणे-कोकण मुंबई राज्यात. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. चुली मात्र जुन्याच नकाशावर पेटत राहिल्या. कोकणात भात, मासे, नारळ. सोलापूरकडे ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. खानदेशात कळण्याची भाकरी आणि भरीत. नागपूरचं सावजी तर एका समाजाचं, हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून खानावळीत आलेलं.

या चुली शेजारी शेजारी आल्या त्या मुंबईत, गिरणगावात. बायकामुलं गावी आणि कामगार इथे एकटा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आखातात आलेल्या पहिल्या पिढीने तेच भोगलं. चाळीतल्या बायका खानावळी चालवत. कोकणातल्याला भात आणि कालवण हवं, घाटावरच्याला भाकरी. या बायका सावकारी कर्जात अडकत, म्हणून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ‘घाटी’ हा शब्दही याच मुंबईतला. घाटावरून आलेला एवढाच अर्थ, पण त्याची शिवी झाली. सगळ्यांना एका नावात कोंबलं की असंही होतं.

मग पुस्तकं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ आलं, पाठारे प्रभू घरातल्या स्वयंपाकाचं. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’. वाटी-चमच्याचं माप देणारं हे पुस्तक तुमच्यापैकी कित्येकांच्या बॅगेतून इथे आलं असेल. पण २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतल्या अन्नावर पुस्तक लिहिलं आणि नाव ठेवलं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. त्या एका ‘अ’मध्ये सगळं आलं. आपल्या पाटीखाली ते जेवण कधीच नव्हतं. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांची सांदणंही नव्हती, आणि ती माणसं तर आखातात आपल्याहून जुनी!

हे सांगायचं कारण तुमची मुलं. शाळेच्या आंतरराष्ट्रीय दिनाला आपण वडापाव, साबुदाणा खिचडी आणि पुरणपोळी मांडतो. इथे वाढणाऱ्या मुलाच्या लेखी महाराष्ट्र तेवढाच. ज्याच्या घरी सुकटीची चटणी होते, तो डबा मित्रांसमोर उघडायला लाजतो. आपल्या मराठी मित्रांसमोरसुद्धा.

तर येत्या १ मेच्या स्टॉलवर मोठी पाटी ‘महाराष्ट्रीय’चीच राहू द्या, लांबून येणाऱ्याला तीच कळते. पण प्रत्येक भांड्यापुढे गावाचं नाव लिहा, आणि कुणाच्या घरचं तेही. सुकट येऊ द्या, सांदणं येऊ द्या. वडापावासमोर दादर लिहा. कर्जतवाले भांडायला आले तर त्यांच्याशी मी बोलेन.