दिवा किती दूर, किती मोठा?

मांडवीच्या किनाऱ्यावर रात्री उभे राहून आपण कधी समुद्राकडे पाहिले आहे काय? दूर एक दिवा मिणमिणत असतो. तो जवळच्या होडीवरचा लहानसा कंदील असेल, नाहीतर क्षितिजावरच्या बोटीचा प्रखर दिवाही असेल. अंतर कळल्यावाचून दिव्याची ताकद सांगता येत नाही. खगोलशास्त्रज्ञ नेमके याच पेचात तीस वर्षे अडकून पडले होते.

१९६३ साली अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. कोणी चोरून स्फोट करतो की काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांना गॅमा किरणांचा एक लखलखाट जाणवला. गॅमा किरण म्हणजे क्ष-किरणांचे थोरले भाऊच म्हणा ना! तो बॉम्ब नव्हता. पुढे असे आणखी लखलखाट सापडले. ते पृथ्वीवरचेही नव्हते आणि सूर्याचेही नव्हते. १९७३ मध्ये ही हकीगत प्रसिद्ध झाली आणि वाद सुरू झाला.

१९९१ साली सोडलेल्या ‘कॉम्प्टन’ वेधशाळेला हे लखलखाट आभाळाच्या सर्व बाजूंना सारखेच विखुरलेले दिसले. एक पक्ष म्हणे, हे आपल्या आकाशगंगेच्या भोवतालचेच आहेत. दुसरा म्हणे, छे, ते विश्वाच्या पार दूरच्या भागातले आहेत. आता हिशेब पाहा. अंतर दहापट धरले, तर दिव्याची शक्ती शंभरपट धरावी लागते. इथे तर अंतरातच हजारो पटींचा फरक! पण लखलखाट काही सेकंदांत विझून जाई. मग दुर्बीण रोखायची तरी कुठे?

१९९७ साली ‘बेप्पोसॅक्स’ या इटली-हॉलंडच्या उपग्रहाने लखलखाटामागे रेंगाळणारी धग पकडली आणि जागा चटकन कळू लागली. ८ मे रोजी असाच एक लखलखाट झाला. तीनच दिवसांनी हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीतून मार्क मेट्झगर, श्रीनिवास कुलकर्णी आदी कॅल्टेकच्या मंडळींनी त्या धगीचा वर्णपट घेतला. कुलकर्णी यांचा जन्म १९५६ सालचा, आपल्या आंबा घाटापलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. वर्णपटात लोह आणि मॅग्नेशियम यांच्या काळ्या रेषा होत्या, पण आपल्या जागेवरून तांबड्या टोकाकडे सरकलेल्या. याला ताम्रसृती म्हणतात. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे, प्रकाश जितका लांबून येतो तितक्या त्याच्या लहरी ताणल्या जातात. इथे त्या १.८३५ पट ताणल्या होत्या. या रेषा वाटेतल्या वायूने उमटवलेल्या. म्हणजे दिवा निदान त्या वायूइतका तरी दूर असलाच पाहिजे! या हकीगतीत मला सर्वांत आवडते ते हे ‘निदान’. प्रकाशाला निघून सुमारे ७०० कोटी वर्षे झाली होती. तो निघाला तेव्हा आपला सूर्य जन्मलाही नव्हता.

अंतराचा वाद मिटला, तोच शक्तीचा उभा राहिला. २३ जानेवारी १९९९ च्या लखलखाटाचा हिशेब कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी मांडला. तो सर्व दिशांना सारखा फाकला असे धरले, तर अख्ख्या सूर्याच्या वस्तुमानाची ऊर्जा करूनही ती पुरली नसती! एवढी शक्ती आणायची कुठून?

इथे आपल्या रत्नदुर्गाजवळचे दीपगृह आठवावे. त्याचा झोत डोळ्यांवर आला म्हणून ते चहूकडे तेवढेच उजळते असे नव्हे. दोनएक दिवसांनी त्या लखलखाटाची धग एकदम भराभर उतरू लागली, आणि अरुंद झोत मंदावून पसरू लागला की असेच होते. झोत धरताच लागणारी शक्ती शेकडो पटींनी खाली आली.

२००१ साली डेल फ्रेल, कुलकर्णी आदींनी अशा अनेक लखलखाटांचा झोत लक्षात घेऊन पुन्हा हिशेब केला. बहुतेकांची शक्ती जवळपास सारखीच निघाली, स्फोट पावणाऱ्या ताऱ्याच्या तोडीची. आणि आपल्याला दिसणाऱ्या प्रत्येक लखलखाटामागे सुमारे ५०० लखलखाट भलतीकडेच तोंड करून होऊन जातात, असाही अंदाज त्यातून निघाला.