दार कोणासाठी उघडायचं?

कमला हॅरिस यांच्या २०२४ च्या प्रचारात गुलाबी-हिरव्या कपड्यांतल्या बायका सारख्या दिसायच्या. त्या ‘अल्फा कप्पा अल्फा’च्या. हॅरिस स्वतः हॉवर्ड विद्यापीठात शिकताना १९८६ मध्ये तिच्या सभासद झाल्या. अशा संघटनेला तिकडे सोरॉरिटी म्हणतात. कॉलेजातल्या मुलींचं मंडळच समजा, पण सभासदत्व जन्मभराचं. म्हणूनच आत कोणाला घ्यायचं, हा प्रश्न तिथे फार जड असतो.

१९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्डमध्ये ही पहिली कृष्णवर्णीय सोरॉरिटी निघाली. गोऱ्या मुलींच्या सोरॉरिट्यांची दारं या मुलींना बंद होती. १९१३ मध्ये तिच्यातल्याच २२ जणींनी वेगळी चूल मांडली, ‘डेल्टा सिग्मा थीटा’. त्याच वर्षी ३ मार्चला त्या महिला मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. पुढे १९२० मध्ये ‘झीटा फाय बीटा’ आणि १९२२ मध्ये सात शिक्षिकांनी काढलेली ‘सिग्मा गॅमा ऱ्हो’.

निवड कशी होते? मार्क बघतात, समाजकार्य बघतात, जुन्या सभासदांची शिफारसपत्रं लागतात, मुलाखत होते. नकार मिळाला तर कारण बहुधा कळत नाही. आई सभासद असेल तर मुलगी ‘लेगसी’. कॉलेजात राहून गेलं, तर पदवीनंतरही अर्ज करता येतो. शिवाय एक अलिखित चाळणी होती, कातडीच्या रंगाची. उजळ मुलींना झुकतं माप मिळायचं, असं अनेकींनी सांगून ठेवलंय. स्पाइक ली यांनी १९८८ च्या ‘स्कूल डेझ’मध्ये हेच दुखणं पडद्यावर आणलं.

निवड झाल्यावर असायचं ‘प्लेजिंग’. आठवडेच्या आठवडे एकसारखे कपडे, एका रांगेत चालणं, पाठांतर, सीनियरांची हुकमत. एकत्र आलेल्या मुली आजही एकमेकींना ‘लाइन सिस्टर’ म्हणतात. पण त्याच रांगेत मारहाण आणि छळही शिरला, आपल्या रॅगिंगसारखाच. १९८९ मध्ये अटलांटाच्या मोअरहाऊस कॉलेजात अशाच एका पुरुष-संघटनेत शिरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा जीव गेला. १९९० मध्ये कृष्णवर्णीयांच्या या सगळ्या संघटनांनी मिळून प्लेजिंग बंद केलं. अर्ज, निवड, थोडं प्रशिक्षण, दीक्षा: झालं.

नियम बदलला, मन बदललं नाही. नव्या पद्धतीने आलेल्या मुलीला ‘पेपर’ म्हणून हिणवलं जाऊ लागलं, म्हणजे नुसती कागदावरची बहीण. ते ऐकून घ्यायला नको म्हणून मुली चोरून जुनी रांग पत्करू लागल्या. २००२ मध्ये लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावर दोन तरुणी बुडाल्या. सोरॉरिटीत येण्यासाठीच्या छळातून हे घडलं, असा आरोप करत एका घरच्यांनी कोर्ट गाठलं.

या संघटनांचं काम मोठं आहे, शिष्यवृत्त्यांपासून मतदार नोंदणीपर्यंत. म्हणूनच हे टोचतं. बंद दारांपुढे उभं राहिलेल्यांनी बांधलेलं घर ते. तिथे येणाऱ्या मुलीचं काम बघा, ती पुढे किती वर्षं राबते ते बघा. तिने किती सोसलं, हे माप मला तरी पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?