समकक्ष कोण?

'पीअर रिव्ह्यू'चं मराठी करताना मी दरवेळी अडखळते. 'समकक्ष-परीक्षण' म्हटलं की शब्द होतो, प्रश्न मात्र उरतो: समकक्ष म्हणायचं कोणाला? आपला जुना शब्द पंच. पंचांना गाव ठाऊक असतं, पण गावाची भीडही असते. म्हणून सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनसंस्थांचं काम बाहेरच्या जाणकारांनी तपासावं, हे पटण्याजोगं आहे. आमच्या अड्यारमधल्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटच्या निमित्ताने हा इतिहास वाचू लागले, तेव्हा हा 'बाहेरचा' माणूस दर पिढीत बदलत गेलेला दिसला.

1943-44 साली नोबेल-मानकरी ए. व्ही. हिल भारतातलं संशोधन पाहायला आले. ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव होते आणि ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्यही. माणूस सहृदय होता, पण परीक्षक राज्यकर्त्यांच्या देशाचा होता. 1954 साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या, कामाचा आढावा घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष सर आल्फ्रेड एगर्टन होते. तेही रॉयल सोसायटीचे माजी सचिव. या वेळी आवतण मात्र स्वतंत्र भारताचं होतं. पाहुणा त्याच घरचा, यजमान बदललेला.

त्या काळी परदेशी तज्ज्ञाकडे केवळ परीक्षण नव्हे, कारभारही सोपवला जाई. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 मध्ये सुरू झाली. तिचे पहिले दोन्ही संचालक परदेशी: मॅकबेन, आणि मग 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेतले जॉर्ज फिंच. 1957 मध्ये के. वेंकटरामन आले, तेव्हा ती खुर्ची भारतीयाकडे आली.

पुढे परीक्षकही बदलले. 1964 च्या आढावा समितीचे अध्यक्ष ए. रामस्वामी मुदलियार राजकारण आणि प्रशासन कोळून प्यायलेले. 1986 च्या समितीचे आबिद हुसेन सनदी अधिकारी. शास्त्रज्ञाच्या जागी प्रशासक आला. 'संशोधन चांगलं आहे का?' याच्या जोडीला 'उद्योगाला उपयोगी आहे का?' हा प्रश्न बसला.

दोन्ही प्रश्न रास्तच. पण अड्यारच्या या संस्थेचा विषय चामडं आहे. कातडं कमावणं ही विद्या प्रयोगशाळेच्या फार आधीची. तरवडाच्या सालीत कातडं किती मुरू द्यायचं, हे महाराष्ट्रातल्या ढोर समाजाच्या आणि तमिळनाडूतल्या दलित कामगारांच्या हातांना ठाऊक होतं. हे ज्ञान ज्यांच्याकडे होतं, त्यांनाच जातीने दूर ठेवलं. मी वर दिलेल्या अध्यक्षांच्या नावांत कातडं कमावणारा एकही नाही.

1948 साली स्थापन झालेल्या या संस्थेची धुरा 1958 मध्ये यलवर्ती नायुडम्मांकडे आली. चर्मोद्योग आणि विज्ञान यांची सांगड घालण्यात त्यांनी आयुष्य वेचलं. पण उद्योग वाढला तशी वेल्लोर भागातली पालार नदी चामड्याच्या सांडपाण्याने बिघडली. तिथल्या नागरिकांच्या मंचाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने नागपूरच्या नीरी या संस्थेच्या तज्ज्ञांकडून पाहणी करून घेतली आणि 1996 मध्ये निकाल दिला: प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, सांडपाण्यावर प्रक्रिया करावी. खटला टॅनऱ्यांवर होता, संस्थेवर नव्हे. तरी ज्या उद्योगासाठी ही संस्था उभी राहिली, त्याचं इतकं कठोर परीक्षण मला दुसरं आढळलेलं नाही. ते मागितलं होतं नदीकाठच्या माणसांनी.

यावरून परदेशी शास्त्रज्ञ नकोत, असं मी म्हणणार नाही. घरचे लोक एकमेकांना सांभाळून घेतात, ते त्यांना दिसतं. पण भाषांतर तपासायला मूळ भाषेचा जाणकार जसा लागतो, तसा मूळ भाषेचं अक्षरही न येणारा मराठी वाचकही लागतो. वाक्य कुठे बोचतं हे तोच सांगतो. अड्यारच्या पुढच्या आढाव्यात परदेशी प्राध्यापकाशेजारी वाणियंबाडीचा एखादा टॅनरी कामगार आणि पालारकाठचा एखादा शेतकरी बसावा. त्यांच्यासाठी दुभाषा लागेल, आणि अहवाल तमिळमध्येही लिहावा लागेल. ते काम करायला माणसं मिळतील.