मामूंच्या वहीतला कोरा रकाना

गोराईच्या खाडीला भरती कधी लागणार, हे माझ्या मामूंना घड्याळ न बघता कळायचे. १९८९ साली ते दापोलीकडचे गाव सोडून आमच्याकडे राहायला आले. सोबत एक पत्र्याची पेटी होती. पेटीत दोन लुंग्या, एक कुराण, चष्म्याचे घर आणि मेणकापडात गुंडाळलेली एक वही. ती होती त्यांची नौदलातली सेवापुस्तिका. मी तेव्हा बी.ए.ला होतो. घरात इंग्रजी अर्ज लिहू शकणारा मी एकटाच, म्हणून ती वही माझ्या हाती आली.

वहीत जहाजांची नावे होती, तारखा होत्या. ‘पदके’ असा एक रकाना होता, तो कोरा होता. आणि शेवटच्या पानावर १९४६ साली नोकरीतून काढल्याची नोंद होती. मामू म्हणाले, “अरे, शेवटचं पान राहू दे. तो रकाना तेवढा भरून आण.”

त्या रकान्यात काय असायला हवे होते, हे समजायला मला थोडा इतिहास वाचावा लागला.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे अगदी लहान दल होते. १९३९ साली त्यात दोन हजारांहून कमी माणसे होती, युद्ध संपताना ती तीस हजारांच्या आसपास गेली. युद्धापूर्वीच्या भरतीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांचा वाटा मोठा होता. आमच्याकडे पोरगा तारवावर गेला की आईबाप निश्चिंत होत. कुणी व्यापारी जहाजावर, कुणी नौदलात. भट्टीसमोर कोळसा ओढणारे, तोफेला गोळा देणारे, सुकाणू धरणारे असे हे लोक.

या दलाने काय केले? ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘बेंगॉल’ हे जेमतेम साडेसहाशे टनांचे सुरुंग काढणारे जहाज ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला होते. समोरून दोन जपानी जहाजे आली, प्रत्येकी दहा हजार टनांच्या वरची. ‘बेंगॉल’वर एकच छोटी तोफ. तरी ते पळाले नाही, उलट शत्रूच्या दिशेने गेले. ‘होकोकू मारू’ हे जपानी जहाज बुडाले. ‘बेंगॉल’ आणि ‘ओंडिना’ दोन्ही वाचली. पुढे जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर म्येबोन आणि कांगॉ येथे फौजा उतरल्या, तेव्हा ‘नर्बदा’ आणि ‘जमना’ या आपल्या जहाजांनी किनाऱ्यावर तोफा डागल्या. मामू ‘नर्बदा’वर होते.

अशा माणसाला सहसा तीन पदके मिळायची. युद्धक्षेत्रात सहा महिने समुद्रावर काढले की ‘१९३९-४५ स्टार’. ब्रह्मदेशाच्या मोहिमेबद्दल ‘बर्मा स्टार’, त्याच्या फितीत मधोमध तांबडा पट्टा आणि दोन्ही बाजूंना निळ्यात नारिंगी रेघ. आणि युद्धकाळातल्या अठ्ठावीस दिवसांच्या नोकरीवर मिळणारे ‘वॉर मेडल’. सोन्याचांदीचे यात काही नाही. पितळेसारख्या धातूचा सहा टोकांचा तारा. पण तो ज्याच्या छातीवर, तो तिथे होता याचा पुरावा.

पदके लोकांच्या हाती पडली ती युद्ध संपल्यानंतर. तोवर फेब्रुवारी १९४६ उजाडला होता.

१८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशशाळेत खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, पगारातली तफावत ही तात्कालिक कारणे. पण आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी मने आधीच पेटली होती. बघता बघता ७८ जहाजे, किनाऱ्यावरची २० ठाणी आणि सुमारे वीस हजार खलाशी त्यात आले. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवर काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तिन्ही झेंडे एकत्र फडकले. फाळणीला दीड वर्षही उरले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दृश्याची किंमत कळते.

२१ तारखेला ॲडमिरल गॉडफ्रे आकाशवाणीवरून बोलले. सगळे नौदल नष्ट झाले तरी चालेल, पण बंड मोडून काढू, असा त्यांचा इशारा होता. ज्या माध्यमातून आज मी तुमच्याशी बोलतो आहे, त्याच माध्यमातून हा इशारा दिला गेला होता. दुसऱ्या दिवशी मुंबईचा कामगार रस्त्यावर आला. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे गेली. परळला कमल दोंदे यांना गोळी लागली आणि त्या मरण पावल्या. सरदार पटेलांनी कुणावर सूड घेतला जाणार नाही असा दिलासा दिला, जिनांनीही आवाहन केले, आणि २३ तारखेच्या पहाटे खलाशी शरण आले.

दिलासा टिकला नाही. शेकडो खलाशांना मुलुंडच्या छावणीत डांबले. गोराई आणि मुलुंड म्हणजे बोरिवलीच्या डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे. मामू त्या छावणीत दोन महिने होते. सगळे मिळून ४७६ जणांना नोकरीतून काढले गेले. स्वातंत्र्य आले, नौदल दोन देशांत वाटले गेले, पण या माणसांना दोन्हीपैकी एकाही देशाने परत घेतले नाही.

आता आमच्या अर्जांची गोष्ट. एका कार्यालयाने कळवले, ही पदके इंग्रज सरकारची, आमच्याकडे काही नाही. दुसऱ्याने विचारले, वहीतले नाव आणि रेशनकार्डावरचे नाव एकच कशावरून? भरतीच्या वेळी गोऱ्या कारकुनाने मामूंचे नाव कानाला ऐकू आले तसे लिहिले होते आणि गावाचे नाव आडनाव म्हणून चिकटवले होते. दोन स्पेलिंगांची दोन माणसे झाली. तिसऱ्या टेबलावरचे गृहस्थ भले होते. ते म्हणाले, “चाचा, पदकांचं सोडा, स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचा अर्ज करा.” तिथे सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा दाखला मागितला. मामूंचे दोनच महिने भरत होते. स्वातंत्र्यलढ्यापायी सरकारी नोकरी गमावलेल्यांसाठीही त्याच योजनेत तरतूद आहे, हे आम्हाला कळले तेव्हा मामू नव्हते. १९९४ साली ते गेले.

हे सांगताना मला सरकारवर केवळ दोष टाकायचा नाही. १९४६ची नोंद या देशाने पुष्कळशी दुरुस्त केली. १९७२ साली सुरू झालेल्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजनेत नौदलाचा उठाव स्वातंत्र्यलढ्याचा भाग मानला गेला. ‘तलवार’च्या भिंतींवर घोषणा लिहिणारे बी. सी. दत्त आणि मदन सिंग यांची नावे नौदलाने आपल्या जहाजांना दिली. २००१ साली कुलाब्यात उठावाचे स्मारक उभे राहिले. ‘बंडखोर’ हा शब्द खोडून ‘स्वातंत्र्यसैनिक’ लिहिला गेला. ही लहान गोष्ट नाही.

पण दुरुस्ती झाली ती शेवटच्या पानाची. आधीची पाने तशीच राहिली. ज्यांनी संप केला तेच हात त्याआधी आराकानला तोफा चालवत होते, सुरुंग काढत होते, बंगालच्या उपसागरात रात्रीचा पहारा देत होते. इंग्रजांनी त्यांना बंडखोर म्हणून काढले आणि आपण त्यांना क्रांतिकारक म्हणून जवळ केले. दोघांनीही त्यांच्या खलाशीपणाची नोंद पूर्ण केली नाही. आपल्या घरांनीही केली नाही. १९४७ नंतर राजाचा मुखडा असलेले पदक दाखवायला लोक संकोचत. कुणी ते मोडीत घातले, कुणी पोरांना खेळायला दिले.

मी एकदा मामूंना विचारले होते, “ज्या सरकारविरुद्ध तुम्ही उठलात, त्याचा तारा कशाला हवा?” ते म्हणाले, “तारा त्यांचा असेल, नोकरी माझी होती. माझ्या शेजारी भट्टीवर होता तो पोरगा आगीत भाजून गेला. मी तिथे नव्हतोच म्हणून लिहिलं, तर तोही नव्हता.”

तुमच्या घरात अशी पेटी असेल तर ती उघडा. वहीच्या प्रत्येक पानाची प्रत काढा, जहाजाचे वा पलटणीचे नाव आणि क्रमांक वेगळा लिहून ठेवा, नाव जसे लिहिले असेल तसेच उतरवा, सुधारू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. पदक मिळेल न मिळेल, निदान एक माणूस कुठे होता हे घरात कळेल.

मामूंच्या वहीतला तो रकाना अजून कोरा आहे. पेन्सिलीने भरावा असे कितीदा मनात आले, पण मी भरलेला नाही. ती सरकारची वही आहे, सरकारनेच भरायला हवी. गेल्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला. या वेळी मामूंचे नाव दोन्ही स्पेलिंगांनी लिहिले आहे.