शिस्त आणि माशी

लोधिवलीहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेलकडे निघाले की पळस्पे लागते. मे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे साथी दौलतराव नाईक यांनी या गावावर छापा घातला. फडक्यांचे जन्मगाव शिरढोण तिथून जवळच. बंड म्हटले की आपल्याला माणसे आठवतात; त्यांच्या हातात कोणते हत्यार होते, हे आपण क्वचितच विचारतो. आज त्या हत्याराविषयी, त्यातही त्याच्या नेमाविषयी बोलू.

बंदूक हा शब्द अरबी. मुळात तो एका टणक कवचाच्या फळाचा, मग गोळीचा आणि शेवटी गोळी उडवणाऱ्या नळीचा झाला. नळीच्या टोकावरच्या बारीक उंचवट्याला आपल्याकडे माशी म्हणतात. डोळा, माशी आणि सावज एका रेषेत आणणे म्हणजे शिस्त धरणे. फारसीतून आलेल्या या शिस्तीचा मराठीतला जुना अर्थ नेम असाच आहे. शाळेतली शिस्त नंतरची! मला कवी म्हणून हा प्रवास फार आवडतो.

तोड्याच्या बंदुकीला माशी असली तरी तिचा खरा घात करी तिचाच उजेड. पेटता तोडा रात्री दुरून दिसायचा आणि कोकणच्या पावसात विझायचा.

पुढे आली एन्फिल्ड. तिच्या काडतुसांची कथा सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्या नळीत आतून पीळदार आटे होते, त्यामुळे गोळी फिरत सरळ जाई. आणि नळीवर उभी करता येणारी एक पट्टी होती, तिच्यावर नऊशे यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले असत. सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांनी काय केले? देशी पलटणींसाठी जी नवी मस्केट काढली, तिची नळी आतून गुळगुळीत ठेवली आणि आकड्यांच्या पट्टीऐवजी एक साधी न हलणारी खाच बसवली. गोऱ्या शिपायाला लांबचा नेम आणि काळ्याला शंभरेक यार्डांचा. शिपाई हवा होता, पण त्याची शिस्त, जुन्या अर्थाने, नको होती.

गावकऱ्याची पाळी १८७८ साली आली. लॉर्ड लिटनच्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सूट. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने हत्यारांच्या कायद्याविरुद्ध ठराव केला, तरी कायदा बधला नाही. फडक्यांचे बंड तर पुढच्याच वर्षीचे. रामोशी मंडळी डोंगर आणि अंधार यांच्या भरवशावर लढली, ती का, हे यातून थोडे उमगते.

स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच बंदुकांची मर्यादा घातली, त्यामुळे हौशी संग्राहक हिरमुसले. माझे मन मात्र त्या कायद्यातल्या एका लहानशा तरतुदीवर अडकते: पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. दारू घाला, गोळी घाला, गजाने ठासा, मग शिस्त धरा. तोवर रानडुक्कर भात तुडवून पसार. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. डुकरांना आचारसंहितेची नोटीस कोणी देत नाही.