पहिल्या कळेपासूनचे घड्याळ

हृदयविकाराचा झटका येऊन माणूस वाचला, की पूर्वी डॉक्टर घरच्यांना बजावीत : सहा आठवडे अंथरुणातून उठू द्यावयाचे नाही. १९५२ साली बोस्टनच्या लेव्हाईन व लाउन यांनी अशा रोग्यांना लवकर खुर्चीत बसवावे असे सुचविले, तेव्हा तेवढेही धाडसाचे वाटले. त्या उपचारात पंचांग होते, घड्याळ नव्हते. ते आले कसे, हे नाशिककराने मुद्दाम जाणून घ्यावे असे मला वाटते.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी अडकते, हे शिकागोच्या हेरिक यांनी १९१२ मध्येच मांडले होते. तथापि ती गुठळी झटक्याचे कारण की नंतरचा परिणाम, यावर पुढे दीर्घकाळ वाद चालला. अमेरिकेतील स्पोकेन शहरी डीवुड व त्यांचे सहकारी यांनी जिवंत रोग्यांच्याच धमन्यांची चित्रे घेतली आणि १९८० साली निकाल दिला : पहिल्या ४ तासांत तपासलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांची धमनी पूर्ण बंद, १२ ते २४ तासांनी तपासलेल्यांत ६५ टक्के. म्हणजे गुठळी आधीची, आणि काहींच्या बाबतीत ती पुढे आपोआप विरघळणारी.

धमनी उघडण्याचे साधन तोवर हाती आले होते. १९७७ साली झुरिचमध्ये ग्रुंट्झिग यांनी फुग्याने हृदयाची अरुंद धमनी रुंद केली. अर्थात तो रोगी झटक्यातला नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत राइमर, जेनिंग्ज प्रभृतींनी कुत्र्यांची धमनी बांधून ठराविक वेळाने सोडली. ४० मिनिटांनी सोडली तर धोक्यातल्या स्नायूपैकी ३८ टक्के मेलेला, ३ तासांनी ५७, ६ तासांनी ७१. या तीन आकड्यांपुढे पुष्कळ व्याख्याने मला फिकी वाटतात.

१९८० पासून कॅन्सस सिटीत हार्ट्झलर ऐन झटक्यातच फुगा वापरू लागले. १९८६ साली इटलीतील मोठ्या चाचणीत गुठळी विरघळविणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजचा गुण पहिल्या तासात सर्वांत अधिक आला; ६ तासांनंतर तो जवळजवळ उरला नाही. उलट, ३ ते २८ दिवसांनी, रोगी स्थिर असताना, पूर्ण बंद धमनी उघडून मृत्यू कमी होत नाहीत, हे २००६ साली २,१६६ रोग्यांवरून दिसले. उघडलेली धमनी चित्रात सुंदर दिसते. मेलेल्या स्नायूस तिचा काय उपयोग?

आता आपल्याकडे वळू. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ५० भारतीय शहरांच्या पाहणीत रुग्णालय गाठण्याचा मध्यम काळ ३६० मिनिटे निघाला. नेमके तेच ६ तास! ओवा, सोडा, छाती चोळणे, मग गाडीची शोधाशोध. रुग्णालये दारापासून फुग्यापर्यंतची मिनिटे मोजतात, पण पेठेहून येणाऱ्याचा सावळघाट त्या हिशेबात येतच नाही. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका धावते. २०१७ साली औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. दोन्ही चांगलेच, तरी घाट आहे तेथेच आहे.

म्हणून निदानापासून २ तासांत अँजिओप्लास्टी होण्याजोगी नसेल, तर ईसीजी पाहून, रक्तस्रावाचा धोका नसल्यास, गुठळी विरघळविणारे इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात द्यावयाचे आणि लगेच मोठ्या रुग्णालयाकडे निघावयाचे, असा आजचा शास्त्रार्थ आहे. तासा-दीड तासात ईसीजी सुधारला नाही तर पोहोचताच फुगा. सुधारला तर २ ते २४ तासांत अँजिओग्राफी.