गाव हललं नाही, दप्तर हललं

मराठीत एखादा 'ढगात गेला' म्हटलं की पुढचं काही विचारायची गरज उरत नाही. त्यामुळे 'सरकारी कामकाज क्लाउडवर नेणार' ही बातमी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसूच आलं होतं. त्यात आम्ही लातूर जिल्ह्यातले, औशाचे. ढगांशी आमचं नातं जुनं आणि कटकटीचं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते या ढगांच्याच कृपेनं. आता सातबाराही त्यांच्याच भरवशावर? :)

असो, विनोद बाजूला ठेवू. सरकारनं आपली कागदपत्रं आणि ती चालवणारी संगणक प्रणाली क्लाउडवर न्यायची म्हणजे नेमकं काय, हा विषय घरी निघाला की निम्मी मंडळी उठून जातात. म्हणून मी एकच कागद धरून चालणार आहे. जमिनीचा कागद. तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचा आहे आणि त्यावरून घराघरात भांडणंही झालेली आहेत!

औशाच्या कागदाचा प्रवास मजेशीर आहे. गाव जागचं हललं नाही, भुईकोट किल्लाही तिथंच आहे, पण दप्तर मात्र सारखं हलत राहिलं. १९४८ पर्यंत निजामाचं हैदराबाद संस्थान, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. जिल्हा आधी उस्मानाबाद (म्हणजे आताचं धाराशिव), १९८२ पासून लातूर. राज्यकारभाराची भाषासुद्धा बदलली. संस्थानात आधी फारसी होती, १८८० च्या दशकात तिच्या जागी उर्दू आली, आणि सालं फसली. १३१७ फसलीचा महसूल कायदा म्हटलं की आजच्या पोराला वाटेल सातशे वर्षांपूर्वीचा असेल. तो आहे १९०७-०८ चा.

या सगळ्या धावपळीत कागद सांभाळला कुणी? गावात पटवाऱ्यानं, पुढं तलाठ्यानं. दप्तर म्हणजे अक्षरशः कापडात बांधलेलं गाठोडं. मराठवाड्यात आजही जमिनीचा वाद निघाला की वकील पहिला प्रश्न विचारतो, '१९५४-५५ चा खासरा आहे का?' त्या एका पाहणीत कोण जमीन कसतंय, कोणाच्या नावावर आहे, हे लिहिलं गेलं आणि पुढच्या पिढ्यांचे दावे त्यावर उभे राहिले. आमच्या आबांनी त्याची नक्कल पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिका आणि जुन्या पावत्यांच्या खाली जपली होती. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. कागद होता, पण तो वाचणारा उरला नव्हता! हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आता ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपाचं केंद्र होतं किल्लारी, आमच्याच औसा तालुक्यातलं गाव. हजारो माणसं गेली. त्यावर बोलायला आजही आमच्याकडच्या माणसांना जड जातं. मला इथं त्यानंतरची एकच गोष्ट सांगायची आहे. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, तेव्हा कोणाला केवढं घर द्यायचं हे कशावरून ठरलं? जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. म्हणजे डोक्यावरचं छप्पर पडल्यावर नवं छप्पर केवढं मिळणार, हे एका नोंदीवर अवलंबून होतं. अशा वेळी ती नोंद पडक्या घराच्या ढिगाऱ्याखाली असली तर चालेल का? कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या गावी हवी, ही अक्कल क्लाउडवाल्यांनी शोधलेली नाही.

मुंबईला ही गोष्ट २१ जून २०१२ ला उमगली. त्या दिवशी मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, माणसं गेली, फायलींची राख झाली. फायली स्कॅन करून संगणकात ठेवायचं बोलणं आधीपासून चालू होतं, आगीनंतर त्याला घाई आली. राज्याचं स्वतःचं डेटा सेंटर होतंच, त्यावर 'महागव क्लाउड' उभा राहिला. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रानं 'मेघराज' आणला (नाव मात्र झकास ठेवलं). २०१८ मध्ये महाराष्ट्रानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. सरकारी खात्यांनी खाजगी कंपन्यांच्या क्लाउड सेवा घ्याव्यात, असं धोरणच काढलं.

इथं थोडं थांबून क्लाउड म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. पूर्वी प्रत्येकाच्या दावणीला स्वतःची बैलजोडी असायची. काम असो नसो, वैरण घालावीच लागे. आता तासावर ट्रॅक्टर मिळतो. कामापुरता घ्यायचा, तेवढ्याचे पैसे द्यायचे. सरकारचंही तसंच. एरवी रिकामा पडणारा सर्व्हर विमा भरायच्या शेवटच्या तारखेला मान टाकतो. भाड्यानं घेतला तर त्या दिवसापुरता मोठा करता येतो. आणि क्लाउडवरचं तयार सॉफ्टवेअर घेणं म्हणजे त्याच्याही पुढची पायरी. अख्खं कामच गुत्त्यानं देणं. यंत्र त्याचं, माणूस त्याचा, रीतही त्याचीच. आपण फक्त धान्य मोजून घ्यायचं. सोय मोठी आहे, पण गुत्तं देताना आपल्याकडचा शहाणा माणूस दोन गोष्टी आधीच ठरवतो. मधेच सोडून गेलास तर काय? आणि माझा माल माझ्या पोत्यात परत भरून देणार ना?

सरकारी भाषेत याला 'बाहेर पडण्याची अट' म्हणतात. डेटा देशातच राहील, करार संपल्यावर तो परत मिळेल, वगैरे. पण मिळेल तो कसा? दुसऱ्या कुणाला वाचता येईल असा की त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरला कळेल असा? मोडी नक्कल हातात धरून वाचणारा शोधत फिरणारा माणूस आठवा. लिपी बदलली की कागद असून नसल्यासारखा होतो. ढगातही लिप्या असतातच.

दुसरी प्रत खरंच आहे ना, हेही कुणीतरी जाऊन बघायला हवं. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन इथं सरकारी डेटा केंद्रात आग लागली. ७०९ सरकारी प्रणाली बंद पडल्या, आणि कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवणारा 'जी-ड्राइव्ह', तब्बल ८५८ टेराबाइट, जळून गेला. त्याची दुसरी प्रतच नव्हती. संगणकात जगाच्या पुढं असलेल्या देशाची ही गत! मंत्रालयातली राख आणि देजॉनमधली राख यांत मला तरी फार फरक दिसत नाही.

मग आपल्या सातबाराचं नियोजन कसं झालं? माझ्या मते त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट संगणकाची नव्हतीच. ई-फेरफार आला, तालुक्याच्या संगणकावरचा डेटा राज्याच्या केंद्रात गेला. हाताचा आणि संगणकाचा उतारा जुळेना, तेव्हा दुरुस्तीची मोहीम निघाली. २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगावी चावडी वाचन झालं. गाव जमवायचं आणि सातबारा मोठ्यानं वाचायचा. ज्याचं चुकलं त्यानं तिथंच सांगायचं. चूक ढगात जाण्याआधी जमिनीवर पकडायची. पुढं १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपयांत, घरबसल्या.

पण चावडीवर कोण जमतं हो? गावात राहणारे, आणि त्यातही पुरुषच. लेकी सासरी असतात. आमच्या एका आत्याला वडिलांच्या जमिनीत आपलं नाव लागलंय की नाही हे चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. भावाला विचारायचा संकोच, तलाठ्याकडं जायची हिंमत नाही. पुण्यात नातवानं मोबाईलवर गट नंबर टाकून उतारा दाखवला तेव्हा तिनं चष्मा पुसून तो दोनदा वाचला. नाव नव्हतं. पण नाही हे तरी कळलं, आणि आता रीतसर अर्ज चालू आहे. दप्तर गावात होतं तेव्हा ते गावातल्या वजनदार माणसांच्याही हातात होतं, हे जुन्या आठवणी काढताना आपण विसरतो. कागद लांब गेला म्हणूनच तो आत्यापर्यंत पोहोचला.

आणि तोटा? तोही त्याच कामात कळला. अर्जासाठी मी एका कचेरीत तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा उत्तर एकच, "सर्वर डाऊन हाय, उद्या या." समोरचा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातात खरंच काही नव्हतं. पटवारी अडवायचा तेव्हा त्याला हात तरी जोडता येत, वरच्या साहेबाकडं तक्रार करता येई. सर्व्हरला हात कुठून जोडणार? तो कुठं आहे हे त्या माणसालाही ठाऊक नव्हतं.

म्हणून मला वाटतं, सरकार जेव्हा एखादं काम ढगात न्यायचं ठरवतं तेव्हा किती सर्व्हर, किती कोटी, कोणती कंपनी, या प्रश्नांआधी एक प्रश्न लिहायला हवा. बंद पडलं तर औशाच्या माणसानं कोणाचं दार ठोठवायचं? फेरफाराला हरकत घ्यायला कायद्यानं पंधरा दिवस दिलेत. त्यातले चार दिवस सर्व्हर बंद असेल तर ते दिवस कोणाचे? वाढवून मिळणार का? हे कंपनीशी होणाऱ्या करारात लिहिता येतं. कागद सुरक्षित ठेवायला आपण शिकलो, त्याला भूकंप आणि आगीनं शिकवलं. जबाबदारीची मात्र दुसरी प्रत काढायची राहून गेली आहे.

घरच्या मंडळींना एक विनंती. दिवाळीला सगळे जमाल तेव्हा पंधरा रुपये खर्चून आपला उतारा काढा आणि जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचा. घरातल्या घरात चावडी वाचन. लेकीसुनांना समोर बसवा. एखादं नाव राहिलं असेल तर ते बोलायला तेवढी चांगली वेळ दुसरी नाही. आणि हो, आबांच्या पेटीतला तो खासरा टाकून देऊ नका बरं का.